सातवा थेंब

सकाळी साडेसहाला चिमाजींनी नेहमीप्रमाणे प्रवाळांच्या टाकीतले पाच मिलिलिटर पाणी सिरिंजने काढून काचेच्या नळीत घेतले. चाचणीच्या औषधाच्या पहिल्याच थेंबाने ते निळे झाले. मग ते थेंब मोजू लागले. निळे जाऊन पिवळे येईल तो शेवटचा थेंब. जितके थेंब, तितकी पाण्याची क्षारता. प्रवाळांना नऊ लागतात.

"नऊ," ते म्हणाले. "लिही, रूपाली."

रंग सातव्यालाच फिरला होता. तरी सुनेने वहीत नऊ लिहिले.

चिमाजी चौतीस वर्षे महाविद्यालयाच्या रसायनशाळेत परिचर होते. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकाच्या बाटलीत अज्ञात द्रावण तेच भरत. मुले चहा पाजत, गयावया करत. यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. परदेशी निघालेल्या प्राध्यापकांनी आपली खाऱ्या पाण्याची टाकी म्हणूनच त्यांच्या हवाली केली होती. गंगापूर रोडमागच्या दोन खोल्यांत, समुद्रापासून चार तासांवर, त्यांनी मासे आणि प्रवाळ जगवले होते.

पण २००५ च्या दिवाळीपासून त्यांचे आकडे चुकू लागले. नजर अधू झाली असणार, असे रूपालीने मनाशी धरले. बोलावे तर म्हातारा जीव खचेल. न बोलावे तर प्रवाळ मरतील. मग सासरे फिरायला गेले की ती पुन्हा चाचणी घेई, आणि नवाला जितके थेंब कमी, बाटलीवरच्या तितक्या रेघा क्षारता वाढवणारे खाण्याच्या सोड्याचे पाणी टाकीत सोडी. तीन महिन्यांत जांभळ्या प्रवाळाला बोटभर नवी टोके फुटली.

तिचे तिलाच नवल वाटे. बी.एस्सी.च्या शेवटच्या प्रात्यक्षिकात ती याच एका थेंबाला नापास झाली होती. हात जरा हलला, एक थेंब जास्त पडला आणि द्रावण भडक गुलाबी झाले. यंदाची संधी अखेरची. नवऱ्याने, ज्ञानेशने, आणून दिलेला परीक्षेचा फॉर्म आठवडाभर कपाटावर पडला होता, आणि मुदत आजच संपत होती.

"भरलास का?" चपला घालताना चिमाजींनी विचारले.

"नापास झालेला हात आहे, बाबा."

"हात नापास होत नसतो. घाई होते." दारातून ते वळले. "आणि माझ्या माशांसाठी थांबू नकोस. ते काही तुझी सही मागत नाहीत, फॉर्म मागतो."

ते गेल्यावर तिने चाचणी घेतली. सात. हात जराही हलला नाही. दोन रेघा सोडा टाकून ती टाकीसमोर उभी राहिली. हे सगळे तिच्या हाताने फुलले होते.

अकरा वाजता ती महाविद्यालयाच्या खिडकीशी रांगेत होती. बाराला फॉर्मवर शिक्का बसला.

परीक्षेच्या दिवसांत टाकी कोण पाहणार? आता बाबांना खरे सांगणे भाग होते. दुपारी घरी आली तेव्हा ते झोपले होते. तीन महिन्यांचे आठवतील तेवढे खरे आकडे उतरवून ठेवावेत म्हणून तिने वही मागून उघडली.

शेवटचे पान कोरे नव्हते. मुंगीएवढ्या सुबक अक्षरांत चिमाजींनी दिवाळीपासूनचे तीन रकाने आखले होते: सांगितले, खरे, बाटलीतून कमी झाले. आजच्या तारखेपुढे लिहिले होते: नऊ, सात, दोन रेघा.