कॅमेरा कुठे होता?

अण्णांच्या वर्षश्राद्धाला दाखवायची फिल्म दिगंबरने टीव्हीवर लावली. डोक्याला पट्टा बांधून आठवण काढली, की यंत्र त्या आठवणीची ॲनिमेशन फिल्म करून देई. आधी दवाखान्याची खोली दिसली, मग अगदी जवळून दिगंबरचा रडवेला चेहरा. तो अण्णांना चमच्याने शेवटचं पाणी पाजत होता.

हेमांगीने फिल्म थांबवली. ॲनिमेशनमध्ये कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवणं, हेच तिचं रोजचं काम होतं.

"दादा, खरी आठवण आपल्या डोळ्यांतून दिसते. मग तुला तुझाच चेहरा कसा दिसला?"

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"तू तिथे नव्हतासच. हे सगळं तू नंतर मनात रचलंयस."

हेमांगीने कालच करून आणलेली फिल्म दिगंबरने लावली.

तीच खोली, तीच खाट. अण्णांचा हात धरून बसलेली हेमांगी दारातून दिसत होती, चपलांपासून केसांतल्या पिनेपर्यंत अख्खी.

दोघंही पडद्याकडेच बघत राहिली.

"मग अण्णांजवळ होतं कोण गं?" दिगंबरने विचारलं.