एका ताग्यातले शर्ट

"मोठं पिस्तूल कमरेला उठून दिसतं, भावा. हे छोटं घे. शर्टाखाली असलं तरी आईलासुद्धा कळायचं न्हाई," थोरल्या जयदीपला त्याचा मेहुणा ओसरीवर सांगत होता.

"पण छोट्यात गोळ्या कमी बसतात राव."

"समोर माणूस तर एकच हाय!"

भाकरी थापता थापता मंजुळाबाईंचा हात थांबला. तो एक माणूस म्हणजे त्यांचाच धाकटा लेक, शेखर. चाकण रस्त्याला लागून असलेल्या जमिनीपायी दोघा भावांचं वर्षभर बोलणं बंद होतं.

"पाठचा भाऊ हाय रे तुझा. एका ताग्यातलं कापड आणून दोघांचे शर्ट शिवायची मी."

"मारायला कोण घेतंय, आई? त्यो धमक्या देतोय, म्हणून जवळ असावं."

शेवटी मंजुळाबाईंनी दोघांनाही विनवलं. "तुमच्या आबांच्या वर्षश्राद्धाला एका पाटावर बसा. हत्यार तेवढं उंबऱ्याच्या आत आणू नका."

जयदीपनं त्यांच्या गळ्याची शपथ घेतली. शेखर फोनवर हसला, "माझ्याकडं कुठलं आलंय हत्यार?"

श्राद्धाला दोघं खरंच शेजारी येऊन बसले. दोघांचे गुडघे एकमेकांना लागलेले पाहून मंजुळाबाईंचा जीव भांड्यात पडला.

 

"पिंडदान उघड्या अंगानं करायचं, शर्ट काढा," गुरुजी म्हणाले, आणि दोघांपैकी एकाचाही हात गुंडीकडे गेला नाही.