पटलं

जेरुसलेमच्या एका ज्यू पाठशाळेत झेलिग आणि पेरेत्झ तरुणपणापासून रोज सकाळी समोरासमोर बसत. एकाने तालमूद या धर्मग्रंथातल्या ओळीचा अर्थ सांगायचा, दुसऱ्याने तो खोडायचा, हाच त्यांचा अभ्यास. आज मात्र झेलिग काहीही म्हणाला तरी पेरेत्झ मान डोलवत होता. "पटलं."

झेलिगला चैन पडेना. त्याने मुद्दाम वेडावाकडा अर्थ लावला. "भिंत शेजाऱ्याच्या अंगणात कोसळली, तर दगड रस्त्याने जाणाऱ्याचे."

"हो, तसंही म्हणता येईल."

"अरे गाढवा, हे शेंबड्या पोरालाही पटणार नाही. बरं नाही का तुला?"

"मी ठणठणीत आहे."

झेलिगने ग्रंथ मिटला. "काल माझी बायको तुझ्याकडे आली होती ना?"

पेरेत्झ दाढी कुरवाळत राहिला.

"माझ्या हृदयाचे रिपोर्ट वाईट आलेत, यांच्याशी वाद घालू नका, असं म्हणाली असेल."

"छे, काहीतरीच काय. रिपोर्ट चांगले आहेत तुझे."

झेलिगने ग्रंथ त्याच्यापुढे सरकवला. "सकाळपासून पहिल्यांदा माझं खोडलंस. आता आधार दाखव."

पेरेत्झला एकही आधार देता आला नाही.