उघड्यावरची बुरशी

शेजारच्या इंगवलेआजोबांच्या प्राणवायूच्या नळीला भोकं पडली, तेव्हा हेमांगी गच्चीवर काथ्याच्या नव्या कुंड्यांत झेंडू लावत होती. प्लास्टिकच्या जुन्या कुंड्या तिने प्लास्टिक खाणारी बुरशी शिंपडून संपवल्या होत्या. बुरशी बंद पिंपातच वापरा, असं पाकिटावर बजावलेलं होतं. तिने कंटाळा केला होता.

दवाखान्यात नेल्यामुळे आजोबा वाचले. संध्याकाळी त्यांची सून रेखा गच्चीवर आली. झेंडूकडे बघत म्हणाली, “कुणाच्या तरी बुरशीने नळी खाल्ली म्हणे. तुझ्यासारखं सगळ्यांनी जपून वागायला हवं गं.”

हेमांगीला मान वर करता येईना.

“रेखाताई, ती बुरशी इथूनच उडाली. मी उघड्यावर शिंपडली होती.”

रेखाने घरी जाऊन गच्चीकडची खिडकी लावून घेतली.