हुकलेलं स्नान

"कधीपासून दिसतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं हर्षालीला, आणि उत्तर दिलं तिच्या सासूनं, लंकाबाईंनी.

"लय महिने झाले. कापडावर पुसट डाग पडतो, पाणी मिसळल्यावानी. कधी येतो, कधी महिनाभर नाय. अन् कमरेत धरतं बघा, पार मांड्यांपर्यंत."

हर्षालीनं चमकून सासूकडे पाहिलं. तिची कंबर दुखत नव्हती. दोन पाळ्यांच्या मधे डाग दिसायला लागले ते आत्ता श्रावणानंतर, आणि तो डाग पुसट नव्हता, चांगला लालभडक असायचा. पण सासूचं, आत्याबाईंचं बोलणं परक्या माणसापुढे खोडायचं, ही घोटीच्या त्या घरातली रीत नव्हती.

"मावशी, त्यांनाच बोलू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लंकाबाईंनी पदर तोंडाशी धरला. मग हर्षालीनं आपलं आपण सांगितलं.

घोटीतल्या एका डॉक्टरांनी तिला नीट तपासलंसुद्धा नव्हतं. गर्भपिशवी काढून टाकू, कटकट मिटेल, म्हणाले होते. जणू दाढच काढायची होती. हर्षालीच्या पदरात एक मुलगी होती. तिला अजून एक मूल हवं होतं. पिशवी गेली की सगळंच संपलं, या विचारानं दिवाळीच्या फराळालाही तिनं हात लावला नव्हता.

सासूला सांगायचं तर तिनं कितीतरी दिवस टाळलं होतं. लंकाबाई म्हणजे विटाळाच्या बाबतीत नाकावर माशी बसू न देणारी बाई. बाहेरची झालेली सून उंबऱ्याच्या आत दिसली, तर सगळी आळी ऐकेल असं बोलायच्या. त्यांची स्वतःची पाळी जाऊन सहा-सात वर्षं झाली होती आणि तेव्हापासून महिन्याचे तीसही दिवस देवघर त्यांचंच होतं. यंदा मात्र चैत्रापासून गुडघे धरले म्हणून दिवाबत्ती त्यांनी लेकाकडे, महेशकडे सोपवली. सिंहस्थात सगळं घर नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, स्नानाला गेलं, तेव्हाही त्या एकट्या मागे राहिल्या. बारा वर्षं ज्या स्नानाची वाट पाहिली ते बाईनं सोडलं, म्हणजे गुडघे खरंच गेले असणार, असं सगळे धरून चालले.

शेवटी न्हाणीपाशी हर्षालीनं त्यांना सांगितलं, ते बोलणी खायची तयारी ठेवूनच. पण लंकाबाई बोलल्या नाहीत. "दुखतं का गं?" एवढंच त्यांनी विचारलं. संध्याकाळी महेशला म्हणाल्या, "पिशवीबिशवी काय काढायची नाय. नाशिकला बाईडॉक्टरला दाखवू. मी नेते तिला." नातवाची आस, दुसरं काय, असं हर्षालीला वाटलं. आज गंगापूर रोडवरच्या या दवाखान्याचा जिना त्या तिच्या आधी चढून गेल्या. हर्षालीनं ते पाहिलं, पण तिच्या डोक्यात दुसराच घोर होता.

तपासणीला फार वेळ लागला नाही. हात धुऊन डॉक्टरीणबाई खुर्चीत येऊन बसल्या.

"पिशवीच्या तोंडाशी छोटासा मस होता. काढला मी. तपासायला पाठवते, पण मला त्यात काळजीचं काही दिसत नाही. पिशवी चांगली आहे तुमची. ती काढायचं काही कारण नाही."

हर्षालीचा जीव भांड्यात पडला. तिला रडू आलं आणि ते तिनं आवरलंही नाही.

"मधेच डाग दिसला की बायका एकदम शेवटचा विचार करतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाखवायला हवंच, पण तुमच्या वयात बहुतेकदा असं साधंच काहीतरी निघतं. पाळी कायमची गेल्यावर मात्र डाग दिसला, अगदी थेंबभर, तर एक दिवससुद्धा अंगावर काढायचा नाही. तुमच्या आळीत अशी कुणी असेल, तर सांगा तिला."

हर्षालीनं डोळे पुसले आणि कापडी पिशवी उचलली. "चला, आत्याबाई."

लंकाबाई उठल्या नाहीत. पदराचा काठ मुठीत धरून त्या खाली बघत राहिल्या.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "जिना उतरायचाय. गुडघे..."

हर्षालीनं दाराबाहेरच्या जिन्याकडे पाहिलं. भराभर वर चढून गेलेली ती पावलं तिला आता आठवली. मग चैत्रापासूनचं देवघर आठवलं. मग तो पुसट, पाणी मिसळल्यासारखा डाग. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली, पुन्हा खुर्चीत बसली आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा सासूचं बोलणं परक्या माणसापुढे खोडलं.

"मॅडम, सुरुवातीला आत्याबाईंनी सांगितलं ना, ते माझं नव्हतं. आता त्यांना तपासा."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. लंकाबाईंनी नाही म्हटलं नाही. त्यांचे डोळे भरले होते. सुनेला उंबऱ्याबाहेर बसवणारी ती बाई आता सुनेकडे अपराध्यासारखी बघत होती.

"देवाला नाय शिवले मी," त्या हळूच म्हणाल्या. "गंगेलाबी नाय. माझे गुडघे नव्हते गं दुखत."