मयताचं धान

इतवारी मेला. पण सोसायटीच्या मते तो मेलाच नव्हता.

सत्तावन्न साली धानोऱ्याकडच्या एका गावाने सोसायटी काढून धानाची कोठी बांधली. दर बाजाराच्या दिवशी माणशी शेरभर धान कोठीत टाकायचं, आणि ज्या घरचं माणूस दगावेल त्या घराला पावसाळाभर पुरेल एवढं धान त्यातून मिळायचं. आखाड तोंडावर आला असताना बांबू तोडायला गेलेल्या इतवारीला वाघाने नेलं. मागे सापडलं ते नुसतं धोतर. त्याची बायको रंभा तेच घेऊन सभेत आली.

"हे धोतर झालं, बाई. मयत कुठी आहे?" अध्यक्ष गुणवंतरावांनी विचारलं.

"वाघाच्या पोटात, भाऊ."

"म्हणजे कोणी पाह्यलं नाई. अन् उद्या तो वापस आला तं?"

"आला तं सवाईनं परत करीन धान. येऊ तं द्या त्याले."

यावर सभेत कोणी हसलं नाही. पुरावा मिळेपर्यंत इतवारी हयात, असं ठरलं; आणि हयात माणसाने आपला शेर टाकायलाच पाहिजे. रंभाने पदराची गाठ सोडली आणि घरात उरलेलं शेवटचं धान नवऱ्याच्या नावाने कोठीत ओतलं.

सोसायटी काही निर्दयी नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिने कोतवालाला जंगलाच्या तोंडाशी उभं करून दवंडी पिटवली:



"इतवारीने येत्या सभेला समक्ष हजर राहून आपण मेल्याचं स्वतः सांगावं, ही नम्र विनंती होऽऽ!"