सतरंजीचा कोपरा

मी उटनूरचा मास्तर. जयंती असो की कोणाचं लगन, भाषण माझंच ठरलेलं, आणि माइक हाती आला की मला काही आवरत नसे. मग माझी बायको चंपा बायांमधून उठायची आणि माणसं बसलेली असतानाच सतरंजीचा कोपरा गुंडाळायला लागायची. तेवढं दिसलं की मी मुकाट 'जय भीम' म्हणून खाली बसायचो.

चौऱ्याण्णव साली चंपा गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला बोलायला उभा राहिलो, तो दीड तास झाला तरी बोलतच होतो. शेवटी आमचा पोरगा जवळ येऊन म्हणाला, "बाबा, बस करा न आता. लोकं उठून चालले."

 

"करतो न," मी म्हणालो, "पण तुह्या मायनं अजून सतरंजीले हात कुठी लावला?"